झेला आणि रिलीजर: शिकारीच्या कम्पाउंड धनुष्यासाठी रिलीजर कसा निवडावा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देवगडात कुणाला फोन करू नये. उतरलेला आंबा, पेट्या, पेंढा, टेम्पो आणि वेळेवर न येणारे गडी, यांत माणूस पुरता अडकलेला असतो. माझ्या भाच्याला हे ठाऊक आहे, तरी त्याने नेमका तेव्हाच पेनसिल्व्हेनियातून व्हिडिओ कॉल लावला. "आत्या, धनुष्य घेतलं. कम्पाउंड. आता रिलीजर घ्यायचाय, तर दुकानात भिंतभर टांगलेत. ५० डॉलरचाही आहे नि २५० चाही. कुठला घेऊ?" कम्पाउंड म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, आणि रिलीजर म्हणजे त्याची दोरी बोटांऐवजी धरून सोडणारं छोटं यंत्र.

माझ्या हातात तेव्हा झेला होता आणि वर फांदीवर आंबा. "रात्री सांगते," म्हणून फोन खिशात टाकला. पण जेवायला बसल्यावर लक्षात आलं, त्याला द्यायचं उत्तर मी सकाळपासून हातातच धरून होते.

ज्यांनी झेला पाहिला नाही त्यांच्यासाठी: लांब काठी, टोकाला कडी, कडीला जाळीची झोळी आणि कडीच्या तोंडाशी पातं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यात सुधारणा करून 'नूतन झेला' काढला, तो आता बागाबागांत दिसतो. नवखा गडी काय करतो, देठ पात्यात आला की हिसका देतो. मग देठ फळाच्या मुळाशीच तुटतो, चीक आंब्यावर ओघळतो, काळा डाग पडतो आणि ते फळ पेटीतून बाद होतं. जुना गडी देठ पात्यात बसवतो आणि काठी एकाच लयीत, जोर हळूहळू वाढवत ओढत राहतो. देठ नेमका कुठल्या क्षणी तुटेल हे त्यालाही माहीत नसतं, आणि माहीत करून घ्यायची त्याला घाईही नसते. आंबा देठासकट झोळीत येतो. रिलीजरने बाण सोडायचा तो असाच. कुठला रिलीजर घ्यावा हा प्रश्न मग एवढाच उरतो, की थंडीत, घाईत, छाती धडधडत असताना कुठलं यंत्र तुम्हाला हिसका देण्यापासून सगळ्यात जास्त वाचवेल.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून घेते, कारण आमच्याकडेही रात्री रानडुकरं येऊन नाचणी नि कंद उकरून जातात आणि धनुष्य बघितलं की कुणीतरी डोळे मिचकावून विचारतंच. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे, आणि त्या कायद्यातल्या 'शिकार' शब्दात मारणं, पकडणं, सापळा लावणं, विष घालणं हे तर येतंच, पण यातलं काही करायचा प्रयत्नही येतो. म्हणजे बाण चुकला तरी गुन्हा. माझ्या कलमबागेत जे उभं आहे ते फोमचं हरण आहे. भाचा जिथे राहतो तिथे परवाना, प्रशिक्षण आणि ठरलेला हंगाम या चौकटीत धनुष्याने हरणाची शिकार कायदेशीर आहे. हे लिखाण त्याच्यासारख्यांसाठी, आणि ज्यांना इथे फोमवर नेम धरायचाय त्यांच्यासाठी.

आता मुळात रिलीजर लागतोच कशाला? आमचे शेजारी तात्या एकदा कुंपणावरून बघत होते. मी बटण दाबलं, बाण गेला. म्हणाले, "अरे बाबा! धनुष्याक पण घोडो इलो?" बंदुकीला घोडा असतो तसा धनुष्यालाही आला, असं त्यांचं म्हणणं. खरंच आला, आणि त्याला कारण कम्पाउंड धनुष्याची रचना आहे.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये या धनुष्याचं पेटंट मिळालं. टोकांना चाकं, त्यांना कॅम म्हणतात. हे कॅम गोल नसून मुद्दाम लंबवर्तुळासारखे किंवा त्याहून वेडेवाकडे कापलेले असतात. दोरी ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, आणि पूर्ण ताणल्यावर कॅम फिरून असे बसतात की बराचसा भार तेच उचलतात. याला लेट-ऑफ म्हणतात. ७० पाउंडांचं धनुष्य आणि ८० टक्के लेट-ऑफ असेल, तर ताणून उभं राहताना हातावर उरतात फक्त १४ पाउंड. झाडावर बसलेल्या शिकाऱ्यासाठी ही चैन आहे. हरीण दोन पावलं पुढे येईपर्यंत तो ताणून थांबू शकतो.

पण हीच चैन बोटांना नडते. साध्या किंवा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्यात पूर्ण ताणल्यावर सगळा भार बोटांवर असतो, त्यामुळे बोटं सैल केली की दोरी त्यांना बाजूला सारून झटकन निघते. कम्पाउंडमध्ये शेवटी भार एवढा कमी असतो की दोरी बोटांवरून घसरत, रेंगाळत निघते. त्यात शिकारीची धनुष्यं आखूड, दोन कॅमच्या आसांमध्ये तीसेक इंच. पूर्ण ताणल्यावर दोरीचा कोन इतका टोकदार होतो की तीन बोटं त्यात चिमटतात. तीन बोटं दर वेळी एकाच क्षणी, एकाच तऱ्हेने उघडणार नाहीत. दोरी थोडी आडवी सरकते, बाण सापासारखा वळवळत निघतो. लहानपणी बेचकी चालवलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. चामडं चिमटीतून सुटताना जरा वळलं की दगड शेजाऱ्याच्या कौलावर.

रिलीजर म्हणजे त्या तीन बोटांच्या जागी एक लहान आकडा. दोरीला जिथे बाण बसतो त्याच्या मागे पक्क्या दोऱ्याची छोटी कडी बांधलेली असते. इंग्रजी डी अक्षरासारखी दिसते म्हणून तिला डी-लूप म्हणतात. आकडा या कडीत अडकवायचा, ओढायचं, आणि ट्रिगर सुटला की आकडा उघडतो. दर वेळी तीच जागा, तोच एक बिंदू.

कल्पना नवी नाही. तुर्क, मंगोल आणि मुघल धनुर्धर दोरी अंगठ्याने ओढत आणि अंगठ्यात जेडची, शिंगाची किंवा हाडाची अंगठी घालत. दोरी त्या गुळगुळीत कडेवरून सुटे. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. तो शब्द फारसीतून आला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या फारसी शब्दाला अंगठा, धनुर्धराची अंगठी आणि मासे धरायचा गळ असेही अर्थ आहेत. आज आपण शाळेच्या रांगेला शिस्त म्हणतो. असो.

कम्पाउंड धनुष्य महाराष्ट्राला आता अनोळखी राहिलेलं नाही. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी विश्वविजेती झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कम्पाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असणार आहे. टीव्हीवर या खेळाडूंचा हात नीट बघा, रिलीजर दिसेल; रिकर्व्हवाल्यांना तो चालत नाही, त्यांना बोटांवरचं चामडंच. पण स्पर्धकाचा रिलीजर बघून शिकारीसाठी निवडणं ही पहिली चूक, आणि भाचा ती करायच्या बेतात होता. स्पर्धक ५० मीटरवर, सपाट मैदानात, मोजलेल्या अंतरावर, पाठोपाठ अनेक बाण मारतो. शिकारी चार-पाच तास झाडावर गोठतो आणि मग त्याला एक बाण मिळतो. कधी बसून, कधी वाकून, हातमोजे घालून, आणि हरीण समोर उभं राहिल्यावर गुडघे कापत असताना. अमेरिकेत या कापण्याला 'बक फीवर' असं नावच आहे.

रिलीजर ढोबळमानाने चार तऱ्हांचे. चारही सारख्याच तपशिलात सांगायची गरज नाही, शिकारीच्या कामाचे खरे दोनच आहेत.

पहिला मनगटाच्या पट्ट्याचा. मनगटाला पट्टा, त्यातून पुढे आलेला दांडा, टोकाला आकडा किंवा चिमटा, आणि तर्जनीसाठी ट्रिगर. ओढायचा जोर बोटांवर न येता मनगटावर येतो. शिकाऱ्यांत हाच सगळ्यात जास्त दिसतो, आणि त्याला कारण आहे: हातालाच बांधलेला असल्यामुळे तो पडत नाही, हरवत नाही, हरीण अचानक आलं तर खिसे चाचपावे लागत नाहीत. जाडे कपडे घातलेल्या, वीस फुटांवर झाडात बसलेल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पट्टा घेताना वेल्क्रोचा घेऊ नका, बकलचा घ्या. वेल्क्रो उघडताना जो फर्रर्र आवाज येतो तो शांत जंगलात कितीही लांब जातो. शिवाय वेल्क्रो दर वेळी थोडा वेगळा बसतो. आज घट्ट, उद्या सैल, म्हणजे ट्रिगर बोटापासून आज जवळ, उद्या लांब. बकलला भोकं असतात. माझं तिसरं भोक आहे, दहा वर्षं तिसरंच आहे. कोकणवाल्यांसाठी आणखी एक कारण: पावसाळ्यानंतर बागेत फिरलात की कुसळं, लाजाळूचे काटे नि चिकट गवताच्या बिया वेल्क्रोत अशा भरतात की दोन महिन्यांत त्याची पकडच जाते.

पुढचा भाग दोन प्रकारचा मिळतो. चिमट्याला दोन जबडे असतात, ते डी-लूपवर पूर्ण मिटतात. आकडा एका बाजूने उघडा असतो. चिमटा एकदा मिटला की सुटत नाही, पण अडकवताना बघावं लागतं. आकडा न बघता, नजर हरणावर ठेवून, नुसत्या स्पर्शाने अडकवता येतो. मात्र ताण सैल झाला तर निसटूही शकतो. मी आकड्याच्या बाजूची आहे. नजर खाली गेली की मान हलते, आणि हरणाला सगळ्यात आधी दिसते ती हालचाल.

आणि लांबी. यावर दुकानदार बोलत नाहीत, पण माझ्या मते निम्मा प्रश्न इथेच सुटतो. दांड्याची लांबी कमी-जास्त करता येणारा रिलीजर घ्या. बहुतेकांचा दांडा लांब राहतो, त्यामुळे ट्रिगरपर्यंत जेमतेम तर्जनीचं टोक पोचतं. टोकाने मग टिचकीच मारली जाते. दांडा इतका आखूड करा की तर्जनी ट्रिगरला पेरापर्यंत वेढा घालील, जणू बादलीची कडी धरलीय. मग बोट हलवायचंच नाही. बोट तिथे तसंच ठेवायचं आणि कोपर मागे नेत राहायचं, पाठीच्या स्नायूंनी. कोपर मागे जातं तसा बोटावरचा दाब आपोआप वाढतो आणि कधीतरी ट्रिगर सुटतो. झाला झेला.

हे लिहायला सोपं आहे, करायला कठीण. कारण तर्जनी हे फार आज्ञाधारक बोट आहे. दाराची बेल, मोबाइल, दिव्याचं बटण, सगळीकडे तिला 'दाब' म्हटलं की ती दाबते. साइटचा, म्हणजे धनुष्यावर नेम धरायला बसवलेल्या साधनाचा, ठिपका हरणाच्या छातीवर आला रे आला की डोळा ओरडतो, "आता!" आणि बोट टिचकी मारतं. त्याच क्षणी खांदा आक्रसतो, धनुष्याचा हात खाली जातो, बाण वीतभर चुकतो. काही दिवसांनी तर ठिपका लक्ष्यावर नेणंच जमेनासं होतं, मन आधीच घाबरतं. याला 'टार्गेट पॅनिक' म्हणतात आणि चांगले चांगले त्यात वर्षं घालवतात. मीही दीड वर्ष घातलं. फोमच्या हरणाच्या अलीकडे माड होता, त्याच्या बुंध्यात माझे तीन बाण अजून रुतलेले आहेत.

त्यातून मला बाहेर काढलं दुसऱ्या तऱ्हेने, अंगठ्याच्या रिलीजरने. हा मुठीत धरायचा असतो. तीन किंवा चार बोटांसाठी खाचा, आणि अंगठ्याजवळ छोटा गोल दांडा, तोच ट्रिगर. अंगठा मुळात मंद आहे. त्याला तर्जनीसारखी टिचकीची सवय नाही. त्या दांड्यावर अंगठ्याचं टोक न ठेवता अंगठ्याचा मधला भाग टेकवायचा, मूठ तशीच ठेवायची आणि कोपर मागे. शिवाय मुठीतला रिलीजर जबड्याच्या हाडावर बोटांच्या दोन पेरांमध्ये अगदी पक्का बसतो. ओढल्यावर हात चेहऱ्यावर ज्या ठरलेल्या जागी टेकतो त्याला अँकर म्हणतात. मनगटी पट्ट्यापेक्षा मुठीच्या रिलीजरचा अँकर मला जास्त खात्रीचा वाटतो.

शिकारीत याचे फायदे-तोटे दोन्ही ठळक. मिटणाऱ्या जबड्याचा असेल तर तो डी-लूपला अडकवून धनुष्य झाडावर शेजारी टांगता येतं. हरीण आलं की हात थेट तिथे जातो. पण तो हातातून पडू शकतो, आणि खाली पडला की त्या दिवसापुरता गेला. म्हणून मनगटाला बांधायची दोरी असलेला घ्या. काही मॉडेल अडकवण्याआधी 'कॉक' करावी, म्हणजे आतली कळ दाबून बसवावी लागतात, त्याचा टक् असा आवाज होतो. घरात ऐकू येत नाही, जंगलात येतो. पितळी मूठ थंडीत बोटांना चावते, आणि जाड हातमोज्यातून अंगठ्याला ट्रिगरचा अंदाज लागत नाही. म्हणून दुकानात जाताना, उन्हाळा असला तरी, हंगामातले हातमोजे सोबत न्या. दुकानदार हसेल, हसू द्या.

मापाचं मी चांगलंच भोगलंय. माझा पहिला मुठीचा रिलीजर ऑनलाइन मागवला, मोठ्या मापाचा आला. अंगठा ट्रिगरपर्यंत पोचण्यासाठी मूठ वळवावी लागे आणि मूठ वळली की दोरीला पीळ पडे. बाण सातत्याने डावीकडे. मी महिनाभर साइट हलवत बसले. लहान हाताच्या बायकांनी, मुलांनी माप बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आवाजाचा विषय दोनदा आला, तर त्याचं गणित मांडून टाकते. शिकारीचा बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो, आवाज साधारण ११२५ फूट. हरीण ३० यार्डांवर, म्हणजे ९० फुटांवर उभं आहे असं धरा. धनुष्याचा आवाज त्याच्यापर्यंत सेकंदाच्या बाराव्या-तेराव्या हिश्श्यात पोचतो, बाणाला लागतो जवळजवळ एक तृतीयांश सेकंद. मधला पाव सेकंद हरणाचा. पळण्यासाठी उडी घ्यायची तर आधी पाय मुडपावे लागतात, म्हणून ते खाली दबतं, आणि बाण पाठीवरून जातो किंवा, त्याहून वाईट, भलत्या जागी लागतो. तो पाव सेकंद कुठलाही रिलीजर परत आणणार नाही. पण निवांत चरणारं हरीण आणि आधीच कान टवकारलेलं हरीण यांत फार फरक आहे. वेल्क्रोचा फर्रर्र, कॉकचा टक्, दांड्याचं शिडीवर आपटणं, हे कान टवकारायला लावणारे आवाज. मनगटी पट्टा घेणाऱ्याने दांडा मागे दुमडून ठेवता येतो का तेही बघावं.

उरलेल्या दोन तऱ्हा. बिजागरीच्या रिलीजरला, ज्याला हिंज म्हणतात, ट्रिगरच नसतो. आत अर्धचंद्राकृती तुकडा असतो. मूठ किंचित फिरत गेली की आकडा त्यावरून घसरून सुटतो. दाबायला काही नाहीच, त्यामुळे टिचकी मारणार कशाला? सरावासाठी याच्यासारखा मास्तर नाही. पण ओढतानाच मूठ चुकून फिरली तर तो अर्ध्यात सुटतो आणि स्वतःचीच मूठ स्वतःच्या तोंडावर बसते. एका नवख्या मुलाचा ओठ फुटलेला मी पाहिलाय. घाईच्या क्षणी, गोठलेल्या हाताने हे यंत्र वापरणारे शिकारी आहेत, पण थोडे, आणि ते वर्षानुवर्षं त्यावरच मारत आलेले आहेत. पहिल्या हंगामाला नको.

चौथा ताणाचा. ओढताना अंगठ्याने सेफ्टी दाबून ठेवायची, अँकरला आल्यावर सोडायची, आणि मग नुसतं ओढत राहायचं. ठरवलेल्या ताणाला तो आपोआप सुटतो. हातावर १४ पाउंड असतील तर सुटण्याचा ताण त्याहून तीन-चार पाउंड वर ठेवतात. झेल्याच्या सगळ्यात जवळचा हाच, आणि म्हणून मला तो फार आवडतो. पण फोमवर. हरीण अर्ध्या पावलाने हललं आणि तुम्हाला थांबायचं असेल, तर ओढणं सैल करून सेफ्टी पुन्हा दाबण्याएवढं भान बक फीवरमध्ये कुणाला राहतं? शिवाय जाड जाकिटात, फांदीवरून खाली वाकून मारताना ओढायला घरच्याएवढा जोर येत नाही.

रिलीजर बदलला की धनुष्यही थोडं बदलतं, हे लोक विसरतात. पट्ट्यावरून मुठीवर गेलात की अँकर सरकतो, म्हणून दोरीत बसवलेली बारीक भोकाची चकती, जिच्यातून नेम बघतात आणि जिला पीप म्हणतात, ती डोळ्यासमोर येत नाही. डी-लूपची लांबी बदलावी लागते, कधी धनुष्याची ओढही अर्ध्या इंचाने. बाण नेहमीच्या जागी लागत नाहीत. म्हणून हंगामाच्या पंधरा दिवस आधी नवा रिलीजर घेऊ नका. जुना कसाही असला तरी तोच न्या, नवा पुढच्या वर्षी.

नवीन यंत्र घरी आलं की पहिल्या दिवशी धनुष्याला हात लावायचा नाही. टोकं बांधल्यावर वेढा आपल्या ओढीच्या लांबीएवढा होईल अशी, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त, पक्की दोरी कापा, टोकं बांधा, एक बाजू डाव्या मुठीत आणि दुसरीला रिलीजर. आरशासमोर उभं राहून शेकडो वेळा सोडा. बोट कुठे बसतं, किती दाबाला सुटतो, कॉक कसा होतो, सगळं इथेच कळतं, आणि चुकून सुटला तरी फार तर स्वतःच्या छातीत बुक्का बसतो. रिकामं, बाण न लावलेलं धनुष्य ओढून सोडणं हा मात्र या खेळातला सगळ्यात महाग अपघात आहे. बाणात जायची सगळी ताकद धनुष्याच्या लवचीक भुजांत, ज्यांना लिंब म्हणतात, उलटते, लिंब तडकतात, दोरी तुटून तोंडावर येते. ओढताना तर्जनी ट्रिगरच्या मागे, पुढे नाही, आणि बाणाचं टोक कायम लक्ष्याकडे. हे दोन नियम मोडणाऱ्याला मी बागेतून हाकलते. तात्यांचा नातूही एकदा गेलाय.

ट्रिगर फार हलका करू नका. दुकानात हलका ट्रिगर मऊ लोण्यासारखा वाटतो. पण मोज्यातलं सुन्न बोट नुसतं टेकलं तरी सुटेल असा ट्रिगर झाडावर धोक्याचा. बोट पूर्ण वेढून, थोडा भार टाकूनही तो सुटायला नको. कोपर मागे गेल्यावरच सुटायला हवा. त्यासाठीचा स्क्रू बहुतेक सगळ्यांना असतो. महाग आणि स्वस्त यांतला फरक बराचसा याच ठिकाणी आहे: चांगल्या यंत्रात ट्रिगर आधी सरकत, खरखरत नाही, काच तुटल्यासारखा स्वच्छ सुटतो. मधल्या किमतीत हे मिळतं. त्याच्या वरचे पैसे बरेचदा रंगाचे आणि नावाचे.

भाच्याच्या तिकडे थंडी, आमच्याकडे खार नि पाऊस. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा. आकड्यावर तांबूस ठिपका दिसला की समजायचं, उशीर झाला. मी दर सरावानंतर गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसते, मग कोरड्याने, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. तेल घालू नये. त्यात रेती नि तांबडी माती बसून लगदा होतो आणि ट्रिगर अडखळतो. कोरडं वंगण थेंबभर पुरे. चामड्याच्या पट्ट्याला श्रावणात बुरशी येतेच, म्हणून माझा आता नायलॉनचा. डी-लूपवर केसाळ धागे उठले की लगेच बदला. तुटला तर पूर्ण ताणात तुटतो, आणि त्याची किंमत चहापेक्षा फार नसते.

रात्री भाच्याला सांगितलं ते असं: बकलचा पट्टा, उघडा आकडा, दांडा आखूड करता येणारा, मधल्या किमतीचा. तो जंगलात. सरावासाठी एखाद्या ओळखीच्याचा हिंज मागून घे आणि आठवड्यातून दोन दिवस, फोमपासून तीन मीटरवर, डोळे मिटून मार. डोळे मिटले की ठिपका नसतो, "आता!" ओरडणारं कुणी नसतं, फक्त कोपर मागे जाताना कळतं. पुढच्या वर्षी तर्जनी टिचक्या मारायला लागलीच, तर अंगठ्याकडे वळ.

आणि एकासारखे एक दोन घे, दोन्ही सारखेच जुळवून ठेव, दुसरा पिशवीत. मी एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेला ओरोसला धनुष्य, बाण, डबा, पाण्याची बाटली, छत्री सगळं नेलं होतं. रिलीजर देवगडात, ओट्यावर, सिलिका जेलच्या डब्यात. दिवसभर दुसऱ्यांचे बाण गोळा केले.

"हे सगळं लिहून पाठव," भाचा म्हणाला, "आणि आत्या, दोन डझन हापूस कुणाबरोबर पाठवता येतील का?"